विरजण मोडलं

नवऱ्याला किडनी दिली ती सासूबाईंनी. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी, ऐन मे महिन्यात, आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरात भांडण झालं ते ताकावरून. सध्या घरचं दही-ताक बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"काहून वं? माझी किडनी चालली त्याले, अन् माझं ताक नाही चालत?"

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखण्याचं काम करते. म्हणून समजावायला बसले. "आई, ताकात जिवंत जंतू असतात. आतड्यातल्या राखणीच्या पेशी त्यांना चाचपतात आणि पुढच्या पेशींना निरोप धाडतात, की शांत राहा किंवा तयार राहा. एरवी हे चांगलंच. पण तुमची किडनी परकी समजून शरीरानं हल्ला करू नये, म्हणून यांच्या त्या पेशी औषधांनी दाबून ठेवल्यात. आता एखादा जंतू रक्तात शिरला, तर अडवायला कोणी नाही."

"माझी किडनी परकी? म्या नऊ महिने पोटात ठेवलं त्याले!"



चार दिवसांनी कामावरून आले तर ओट्यावर पेला. तळाशी जिऱ्याचे कण, कडेला पांढरा ओघळ. नवरा कूलरकडे बघत म्हणाला, "अर्धाच पेला घेतला."

मी भांडले नाही. डॉक्टरांना फोन केला. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघा, म्हणाले. पहिल्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. तिसऱ्या दिवसापासून मी थर्मामीटर काढायच्या आत त्या पलंगाशी उभ्या राहायच्या. "किती?" एवढंच विचारायच्या.

ताप आला नाही. नवव्या दिवशी त्यांनी होतं नव्हतं ते दही घुसळलं आणि कढीत वाटल्या डाळीचे गोळे सोडून कढी-गोळे केले. विरजणसुद्धा ठेवलं नाही. सावनेरहून इथे राहायला आल्यापासून त्यांनी ते एक दिवस मोडू दिलं नव्हतं.

"चांगली खदखदा उकळली. मेले ना तुझे जंतू?"

"मेले."

"मग वाढ त्याले."

उकळलेलं चालेल, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. मेलेल्या जंतूंची कवचंही आतड्यातल्या त्या राखणीच्या पेशी ओळखतात. थोडाफार निरोप तेव्हाही जात असावा. किती जातो, हे मला ठाऊक नाही. सासूबाईंना मी त्यातलं काहीच सांगितलं नाही. आता त्यांनी कढीही बंद केली असती.