पंपाची सेटिंग आणि पहिलं म्हावरं

धाकट्या भावाचं चांगलं झालं की मोठ्याने खूश व्हायचं असतं. मला ते जमलं नाही. मी जळलो, आणि अजूनही जळतोय.

कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या गाळ्यात आमचं डिझेल पंप दुरुस्तीचं काम चालतं. इंजिन म्हणजे लोकांना मोठा लोखंडी ठोकळा वाटतो, पण खरी मेख पंपात असते. कुठल्या सिलिंडरला किती डिझेल, आणि नेमकं कधी, हे पंप ठरवतो. बोट जाळं ओढायला लागली की जास्त, रिकामी धावताना कमी. तो पंप मशीनवर चढवायचा, फिरवायचा आणि समोरच्या काचेच्या नळ्यांत डिझेल पडताना बघत बसायचं. पाहुण्यांना चहा ओतताना सगळ्या कपांत सारखा पडावा, तसं सगळ्या नळ्यांत सारखं यायला हवं. नाहीतर इंजिन धडधडतं आणि काळा धूर ओकतं. हे काम मला वडिलांनी शिकवलं आणि भावाला मी. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा इथपासून.

आमचं जुनं गिऱ्हाईक एक नाखवा, म्हणजे मच्छीमार बोटीचा मालक. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा त्याचा पंप आमच्याकडे यायचा. बंदी उठली की भाऊच्या धक्क्यावर इंजिन सुरू करायला मला बोलावणं. मी चालत्या इंजिनवर एकेका पाइपचा नट पान्याने जरासा सैल करायचो. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय, काहीच फरक पडला नाही तर तोच कामचुकार. खलाशी गप्प उभे राहून बघायचे. मग बोट पहिली फेरी करून आली की नाखवीण लालबागला आमच्या घरी वानवळा घेऊन यायची. पापलेट, एखादी सुरमई. पहिलं म्हावरं देवाला, मग पंप लावणाऱ्या मेस्त्रीला, असा तिच्या घरचा रिवाज. विकतच्या माशाला ही चव नाही, असं मी दरवर्षी जेवताना म्हणायचो. बायको म्हणायची, "मासा तोच हो. तुम्हाला मानाची चव लागते."

यंदा नाखव्याने नवीन इंजिन बसवलं. त्यात हाताने लावायचा पंप नाही. डिझेल एका जाड नळीत प्रचंड दाबाने भरून ठेवलेलं असतं आणि कुणाला किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. भावाने त्याचा कोर्स केलाय. कोर्सची माहिती त्याने आधी मला दाखवली होती. या वयात कुठे बाकावर जाऊन बसू, म्हणून मी हसण्यावारी नेलं होतं. त्याचाही राग मला त्याच्यावरच येतो.

या वेळी धक्क्यावर बोलावणं त्याला आलं. निघालाच आहेस तर मीही येतो, म्हणून मी मागे लागलो. तो लॅपटॉप घेऊन इंजिनाशेजारी मांडी घालून बसला. ओ की ठो कळत नसताना खलाशी त्याच्या खांद्यावरून वाकून पडद्यावरचे आकडे बघत होते. माझ्याकडे सगळ्यांची पाठ. इंजिन सुरू झालं आणि मला वाटलं, एक सिलिंडर मागे पडतोय. खरं सांगायचं तर तसं असावं अशी माझी इच्छा होती. मी खिशातून पाना काढला आणि सवयीने पहिल्या पाइपच्या नटाला लावला.

भावाने झडप घालून माझं मनगट धरलं.

"दादा, येडा झालास काय? चालू इंजिनवर पाइप खोलतोस? बोट जाईल तुझं. त्या प्रेशरने डिझेल हाडापर्यंत घुसतं."

तो भीतीने ओरडला हे मला कळत होतं. पण खलाशांपैकी कुणीतरी हसलं, आणि नाखवा म्हणाला, "तुमी जरा बाजूला बसा ना." मी जाऊन बर्फाच्या पेटीवर बसलो. भावाने लॅपटॉपवरूनच एकेक सिलिंडर बंद करून पाहिला. म्हणजे माझंच काम, फक्त पान्याशिवाय. सगळे सिलिंडर चोख निघाले. मला मनापासून वाईट वाटलं.

परतताना त्याने चहा विचारला, मी नको म्हटलं. बोट दर्यावर गेली आणि माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला, की यंदाचा वानवळा कुणाच्या नावाने येणार. मासा शिजणार एकाच चुलीवर, खाणार सगळेच. तरी मला तो माझ्या नावाने हवा होता.

नाखवीण आली तेव्हा भाऊ आंघोळीला गेला होता. गॅलरीत तिचा आवाज ऐकून मी बायकोच्या आधी दार गाठलं. तिने जड पिशवी माझ्या हातात दिली. माझी छाती फुगली.

"दादा, तुमी घरातले थोरले, म्हणून तुमच्या हातात देते," ती म्हणाली. "मेस्त्रींना सांगा, इंजिन झकास चाललंय. धूर नाय, काय नाय."

इतकी वर्षं ती मला 'मेस्त्री' म्हणायची आणि त्याला 'मेस्त्रीचा भाव'. 'दादा' तिने त्याच्याच तोंडून उचललं असणार. मी बरं म्हटलं आणि पिशवी आत नेऊन ठेवली.

भाऊ डोकं पुसत बाहेर आला. "कोण आलेलं?"

"नाखवीण. इंजिन झकास चाललंय म्हणाली."

"आणि काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हटलं. मेस्त्री हा शब्द तेवढा मी माझ्याजवळ ठेवून घेतला.