फरशीच्या फटीत

मला काही टाकवत नाही आणि काही मनात ठेवता येत नाही. या दोन खोडींवर माझं आयुष्य गेलं. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत काचेचं कपाट आहे. त्यात वडिलांची भिंगं आहेत, उलटं चालणारं एक घड्याळ आहे, निजामाच्या काळातली तिकिटं आहेत. खालच्या कप्प्यात माझ्या वह्या. पाट्याला टाकी लावून देणारा कुठे बसतो, रेशमावरचा डाग कसा काढायचा, साप निघाला तर कोणाला बोलवायचं, सगळं त्यात आहे. पुण्या-मुंबईहून कंपन्यांत नोकरीला आलेल्या मुली त्या पानांचे फोटो काढून नेतात आणि मला फार बरं वाटतं.

त्यांच्या पोरांना मराठी बोलता येतं, वाचताना मात्र ब्रह्मांड आठवतं. म्हणून दर शनिवारी दुपारी मी वर्ग घ्यायची. तासभर वाचन आणि शुद्धलेखन, मग कपाट उघडायचं. एक वस्तू, एक गोष्ट. पण मुलांची मागणी बहुतेक वेळा ठरलेली असायची, "आजी, पारा."

वडिलांचं सुलतान बाजारात दुरुस्तीचं दुकान होतं. घड्याळं आणि डॉक्टरांची रक्तदाब मोजायची यंत्रं. यंत्रांतला जुना पारा ते निळ्या बाटलीत घरी आणत आणि पुढच्या खोलीत बसून फडक्यातून गाळत. बाटली मुठीएवढी, पण उचलायला गेलं की हात खाली जायचा. मी थोडा पारा बशीत ओतायची. मुलं बोटानं थेंब फोडायची, पुन्हा जोडायची, तळहातावर पळवायची. एखादा थेंब निसटून खाली जायचा. मी म्हणायची, जाऊ दे, खूप आहे. जो कोणी अख्खं पुस्तक न अडखळता वाचेल त्याला होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या कुपीत एक थेंब घालून बक्षीस द्यायची. कोणाला कधी दिला तेही वहीत लिहून ठेवायची.

मग गोष्ट. मी नऊ वर्षांची, धाकटा भाऊ सहाचा. वडील दुकानात, आई जेवणं उरकून आडवी झालेली. आम्ही बाटली काढली आणि सांडली. सगळ्या खोलीभर थेंब पळाले. वडिलांचा हात आठवून मला घाम फुटला. पुठ्ठ्यानं जमेल तेवढं गोळा केलं आणि उरलेलं केरसुणीनं शहाबादी फरशीच्या फटींत ढकललं. वर सतरंजी अंथरली. भावाला दम भरला, कोणाला सांगितलंस तर बघ. वडिलांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. इथे मी थांबायची आणि मुलं हसायची. इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट, कुठे थांबलं की हसू येतं ते मला पाठ होतं.

पुढे त्या खोलीत भाऊ झोपू लागला. त्यानं लग्न केलं नाही. दिवसा कचेरीत कारकुनी, रात्री ती खोली, खिडकी कायम बंद, कारण त्याला वारा सोसायचा नाही. मी तेव्हा नवऱ्याच्या बदलीपायी नांदेडला होते. तो महिन्याला एक पोस्टकार्ड टाकायचा. चाळिशीत त्याचे हात कापायला लागले. चहा बशीत सांडायचा, कचेरीत सही जुळेना. पाहुणे आले की उठून आत जायचा आणि विचारलं तर अंगावर यायचा. लोक म्हणाले, पितो. मीही तेच धरून चालले. एकदा माहेरी आले असताना मुद्दाम जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. त्याच्या ते ध्यानात आलं.

"अक्का, आईची आण, मी नाई घेत," तो म्हणाला.

मी म्हटलं, शपथा नको खाऊस. हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर कपाटातलं सगळं देऊन टाकलं असतं. तो गेला, घर माझ्याकडे आलं, आणि मी मागच्या खोलीत झोपू लागले. पुढची खोली वर्गाला दिली.

दोन वर्षांपासून माझी आठ वर्षांची नात शाळेतून थेट माझ्याकडे येते. म्हणजे यायची. तिची आई, म्हणजे माझी लेक, गच्चीबावलीला नोकरी करते, संध्याकाळी घेऊन जायची. दुपारी पोर पुढच्या खोलीत सतरंजीवर झोपायची. गेल्या वर्षी तिच्यासाठी तिथे एसी बसवला, दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या.

उन्हाळ्यात तिचं अक्षर बिघडलं. मी चिडले. हे काय कोंबडीचे पाय काढलेत, म्हणून पान फाडून पुन्हा लिहायला लावलं. तिनं लिहिलं, तेही तसंच. "अज्जी, हात ऐकत नाई," ती म्हणाली. मला वाटलं, कामचुकारपणा. मग ती बारीकसारीक कारणानं रडू लागली. तळहात गुलाबी झाले, बोटांच्या टोकांची सालं निघू लागली. लेकीनं मलम आणलं. मी वहीतून खोबरेल तेलाचा उपाय काढून दिला. उपाय मला कशावरही सापडतो.

एका शनिवारी मुलांना पोस्टकार्ड म्हणजे काय ते दाखवायचं ठरवलं. भावाची सगळी कार्डं काढली आणि तारखेप्रमाणे सतरंजीवर मांडली. पहिली कार्डं ठसठशीत, वळणदार. मधल्या कार्डांवर अक्षर बारीक होत गेलेलं. शेवटच्या कार्डांवर एकही रेघ सरळ नव्हती, शिरोरेघेला करवतीसारखे दाते. त्या कार्डांशेजारी नातीची वही उघडी पडली होती. तिच्या शिरोरेघेलाही तेच दाते होते.

मी बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिले. मुलं विचारत होती, आजी, पुढे काय? आज बरं वाटत नाही सांगून मी सगळ्यांना घरी पाठवलं, नातीला शेजारणीकडे बसवलं. सतरंजी गुंडाळली, पडदे ओढले आणि बॅटरी फरशीला टेकवून तिरपी धरली.

फटीत चमकत होतं. खिडकीपाशी, कपाटाखाली, जिथे भावाची खाट होती तिथे, जिथे पोरीची उशी असायची तिथे. मोहरीएवढे, खसखशीएवढे थेंब, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. काही माझ्या लहानपणचे असतील, काही वडिलांच्या फडक्यातले, काही शनिवारचे. त्या खोलीत मी नाक धरून उभी राहिले, जणू आता त्याचा काही उपयोग होता.

तपासणीत नातीच्या अंगात पारा निघाला. याची वाफ होते आणि ती श्वासातून जाते, बंद खोलीत जास्त, असं डॉक्टरांनी सांगितलं. लवकर कळलं, त्या घरापासून लांब ठेवा, उतरेल. किती दिवसांत ते सांगता येत नाही. लेक गाडीत बसली. मग काच खाली करून म्हणाली, "आई, मामाचे हात का कापायचे, असा प्रश्न तुला कधीच पडला नाही?"

पडला होता. त्याचं उत्तर मी स्वतःच देऊन टाकलं होतं.

खोलीला कुलूप लावलं. साफ करणारी माणसं येईपर्यंत दाराखाली ओला टॉवेल कोंबला. मग वही काढली. कुपी मिळालेली अकरा मुलं होती. एकेका आईला फोन केला. कोणी घाबरली, कोणी फाडफाड बोलली, एकीनं ऐकून घेऊन नुसता फोन ठेवला. मला सगळं कबूल होतं. चार दिवसांत दहा कुप्या परत आल्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेल्या, सगळ्या धड. मी त्या मोजल्या आणि पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

अकरावी मुलगी सगळ्यांत छान वाचायची. तिच्या घरचे दीड वर्षापूर्वी पुण्याला परत गेले होते, नंबर बदललेला. तो मिळायला आणखी आठवडा गेला. आईला मी काही सांगायच्या आत तिनं कौतुकानं फोन मुलीच्याच हातात दिला.

"माझी कुपी आहे ना गं तुझ्याकडे?" मी विचारलं.

ती फोन घेऊन जरा बाजूला गेली असावी. मग आवाज बारीक करून म्हणाली, "ती फुटली ना, आजी. खूप दिवस झाले."

"कुठे?"

"माझ्या रूममध्ये. बेडखाली. पण मी तुम्ही सांगितलेलं ना, तस्संच केलं. झाडूनं फटीत ढकललं आणि वर मॅट टाकली."

मागे मिक्सर चालू होता. तिच्या आईचं कोणाशी तरी बोलणं ऐकू येत होतं.

"आणि आईला?"

"कोणालाच नाही सांगितलं," ती म्हणाली आणि हसली. मुलं जिथे हसायची, बरोबर तिथेच.

मी म्हटलं, "आईला फोन दे."