व्याह्यांचा फणस

श्रीवर्धनपासून किहीमपर्यंत समुद्राच्या कडेकडेनं मी अर्धा जन्म झाडांवर काढला, वरून नाना तऱ्हेची माणसं बघितली, पण आमच्या व्याह्यांसारखा झाडांची मर्जी सांभाळणारा माणूस दुसरा दिसला न्हाय. लोक साहेबाची मर्जी सांभाळतात, बायकोची सांभाळतात. हा माणूस शेवग्याची सांभाळतो. आता माझा धंदा सांगतो, म्हंजे आमचं नातं किती नाजूक हाय ते तुम्हाला कळेल. मी झाडं तोडतो. नारळ पाडतो, बंगलेवाल्यांच्या फांद्या छाटतो, आणि कुणाचं झाड घरावर यायला लागलं की कटर मशीन घेऊन ते उतरवतो. शाळेची पायरी मी कधी चढलो न्हाय. शाळेच्या आवारातल्या चिंचेवर मात्र दोनदा चढलोय, आणि दुसऱ्या खेपेला खाली आलो तो मास्तरांच्या स्कूटरवर. म्हंजे बसून न्हाय, पडून. असल्या माणसाची पोर या घरात दिली गेली ती मधल्या माणसाच्या कृपेनं. त्यानं सोयरिक जमवताना एवढंच सांगितलं होतं, की मुलीचे वडील झाडांच्या लाईनीत हायत. व्याही बिचारे खूश झाले. त्यांना वाटलं, नर्सरी.

व्याह्यांचं गाव बोर्ली पंचतनच्या पुढं. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. नोकरी सुटली, गाडी सुटली, पण तोंडातली भाषा काय सुटली न्हाय. सकाळी वाडीत फेरी मारताना केळींना सांगतात, "जरा आत सरकून घ्या, मागच्यांना ऊन मिळू द्या." एखादं सुपारीचं रोप मान टाकून बसलं की आम्ही म्हणू मेलं, हे म्हणतात, "प्रवासात झोप लागलीय त्यांना, उठवू नका." आणि सगळ्या झाडांना अहो-जाहो. माणसांना अरे-तुरे, गावच्या सरपंचालासुद्धा. माझा खरा धंदा कळल्यावरसुद्धा सगळ्या माणसांत एकट्या मला अहो म्हणतात, तेव्हा मी गुपचूप हात चाचपून बघतो, पानंबिनं फुटली की काय.

पहिल्यांदा त्यांच्याकडं मुक्कामाला गेलो, तेव्हा सकाळी उठून परसातल्या कडुनिंबाची काडी मोडली आणि दातांत घातली. मागनं आवाज आला, "पाव्हणे, विचारलंत?"

म्हटलं, "कुणाला? विहीणबाईंना?"

"त्यांना," म्हणाले, आणि कडुनिंबाकडं बोट केलं.

आता मुलीचा बाप मी. नवीन सोयरिक. काय करणार? तोंडात काडी तशीच धरून झाडापुढं हात जोडले आणि म्हटलं, "चूक झाली, परत न्हाय होणार." खिडकीत विहीणबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. तेव्हापासून तिकडं जाताना मी ब्रश आधी भरतो, कपडे मग.

पण खरी कमाल म्हंजे त्यांनी गावात लावलेला झाडांचा सण. आमची सोयरिक व्हायच्या आधी मोठं वादळ झालं, त्या साली अख्ख्या गावच्या सुपारीच्या वाड्या झोपल्या. महिनाभर गावात एकच आवाज, कापायचा. मी आमच्या गावाकडं त्या महिन्यात एवढा पैसा कमावला की सांगायची लाज वाटते. व्याही मात्र घरोघर फिरले, देवळात गेले, मोहल्ल्यात गेले, आणि म्हणाले, वर्षातला एक दिवस मला द्या, त्या दिवशी गावात पातं चालणार न्हाय. लोकांना वाटलं म्हातारा दुःखानं बोलतोय, द्या एक दिवस. तो दिवस आता पक्का झाला. पावसाळा सरायला आला की सकाळी सकाळी सगळं गाव झाडांना आंघोळ घालतं, बुंध्याला चुना-गेरू लावतं, आळ्यात माती ओढतं, आणि ज्या घरानं त्या साली जे लावलं असेल त्याच्याशेजारी घरची माणसं उभी राहतात. व्याही येतात, पानं उलटून बघतात, आणि "बसायला जागा मिळाली हो यांना" असं म्हणाले की ते रोप पास. आदल्या संध्याकाळी गावातली सगळी हत्यारं देवळापुढच्या मांडवात जमा. कोयता, कुऱ्हाड हे झालंच. पण विळी, सुरी, दाढीचं ब्लेडसुद्धा.

आणि खवणीसुद्धा! कोकणात एक दिवस खवणी बंद म्हंजे काय ते घरच्या बाईला विचारा. ओलं खोबरं न्हाय, वाटण न्हाय. अख्खे बटाटे उकडायचे, कांदा बुक्कीनं फोडायचा, मच्छीत मांदेली नायतर जवळा, ज्याला सुरी लागत न्हाय ते. विहीणबाई म्हणतात, "वर्षातनं एक दिवस यांची झाडं जेवतात आणि माणसं गिळतात." शेजारचे चाचा, ज्यांची दोन्ही मुलं गल्फला, ते आदल्या दिवशीच मटण तोडून ठेवतात आणि सण झाला की पहिला डबा व्याह्यांकडं पाठवतात. मला म्हणाले, "पाव्हणे, सगळ्यांत सोपा सण माझाच. ब्लेड बंद म्हणतात, माझी दाढी तर बारा महिने वाढलेली."

तर या सालचं सांगतो. निशाचा, म्हंजे माझ्या पोरीचा, फोन आला. जावई जहाजावर असतो, घरात सासू, सासरे, ती आणि माझी आठ महिन्यांची नात. म्हणाली, "आप्पा, अंगणातला फणस कलतोय. वारा सुटला की आतनं कडकड वाजतं. पिल्लूचा पाळणा त्याच बाजूच्या खोलीत हाय."

"सासऱ्यांना सांग ना."

"सांगितलं. म्हणाले, वय झालंय, सांधे वाजतात."

 तो फणस मला ठाऊक. दोघांच्या मिठीत न मावणारा, आणि कौलांवर असा वाकलेला की जणू आत काय शिजतंय ते बघतोय. पण बोलायचं कसं? मुलीच्या बापाला सोयऱ्यांच्या घरी जीभ असते, ती फक्त जेवणाला बरं म्हणायला. शेवटी डोक्यात एकच आलं, मशीन घेऊन जायचं, मग बघू. कटर गोणपाटात बांधला, मोटारसायकलीला आवळला, आगरदांड्याला गाडी बोटीत घातली, दिघीला उतरवली आणि निघालो. घाईत एक गोष्ट बघितली न्हाय. कॅलेंडर.

गावात शिरलो तर मांडव, तोरणं, आणि मांडवाच्या तोंडाशी व्याही. समोर टोपली, टोपलीत आदल्या संध्याकाळी जमा झालेले कोयते आणि विळ्या. 

"या पाव्हणे! अगदी सणाला आलात. लगेज काय?"

"सुकी मच्छी, निशासाठी," म्हटलं. खोटं बोलायची अक्कल असती तर मी झाडावर कशाला चढलो असतो?

व्याही गोणपाटाजवळ वाकले, वास घेतला. "बोंबील पेट्रोलमध्ये सुकवलेत काय?"

चाचा शेजारीच होते, ते खोकत खोकत आत गेले. व्याह्यांनी गाठ सोडली, मशीन बाहेर काढली, आणि मला वाटलं आता सोयरिक तुटली. पण त्यांनी ती आधी टोपलीत ठेवून बघितली. मावेना म्हणून तिला वेगळा पाट दिला, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. एवढा मान माझ्या मशीनला माझ्या घरी दसऱ्यालासुद्धा मिळत न्हाय. मग म्हणाले, "दुपारी सभा हाय. दोन शब्द तुम्ही बोलायचे."

मी घरी गेलो, निशाला भेटलो, आणि सरळ फणसाकडं गेलो. बुंध्यावर मूठ मारली. भरलेलं झाड ठक्क वाजतं, हे ढोलासारखं वाजलं. मागं एक ढोली होती, तिच्यात हात घातला तर कोपर गेलं, खांदा गेला, आणि हाताला लागला नुसता भुसा. तिथून चार हातांवर भिंत. भिंतीच्या पलीकडं पाळणा, आणि पाळण्यात माझी नात अंगठा चोखत पडलेली. तिथं मला घाम फुटला तो सभेत उभा राहीपर्यंत आटला न्हाय.

सभेत मला फेटा बांधला. तो कानावर घसरला, म्हणून मला माझंच बोलणं नीट ऐकू येत न्हवतं, हे एक बरं झालं. म्हटलं, "मंडळी, मी झाडं तोडणारा माणूस. झाडांबद्दल मी बोलणं म्हंजे मांजरानं मच्छीबद्दल बोलणं. एकदा एका बंगलेवाल्याचा आंबा तोडायचा होता, मी शेजारच्या बंगल्याचा तोडला. दोघांचं जुनं भांडण होतं, ते मिटलं. आता दोघं मिळून मला शिव्या देतात." लोक हसले. व्याहीसुद्धा हसले. तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण डोळ्यासमोर तो अंगठा.

"पण एक गोष्ट मला कळते," म्हटलं. "उभं झाड कुठलं आणि पडायला आलेलं कुठलं. डॉक्टरला कळतं तसं न्हाय, खाटकाला कळतं तसं. व्याहीबुवा, तुमचा फणस आतनं गेलाय. एका मोठ्या वाऱ्यापुरताच हाय. आणि तो पडेल तो माझ्या नातीवर पडेल."

 पोरीच्या बापानं भर सभेत, झाडांच्या सणाला, व्याह्यांच्याच झाडाला हात घातला. चाचांनी खाली बघितलं. व्याही उठले, म्हणाले, "सभा संपली. प्रसाद घेऊन जा," आणि वाडीत निघून गेले.

मी अंगणात येऊन बसलो. म्हटलं, आता आपल्या पोरीला या घरात आयुष्यभर बोल लावतील, तोही आपल्या पायी. फेटा काढायचंसुद्धा सुचलं न्हाय. विहीणबाईंनी चहा आणून ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "बरं केलंत बोललात. दोन महिने माझ्या ओठांवर हाय, पण यांच्या तोंडाकडं बघितलं की बाहेर येत न्हाय."

उन्हं कलली तसे व्याही आले. माझ्याकडं न बघता फणसाच्या मागं गेले आणि ढोलीत हात घातला. त्यांचाही खांद्यापर्यंत गेला. तिथं हात कुठं घालायचा हे त्यांना शोधावं लागलं न्हाय. रोज घालत असणार.

"वादळात घरावरचं सगळं उडालं," ते म्हणाले. "आम्ही तिघं, मी, ही आणि पोरगा, इथं, यांच्या बुंध्याशी बसलो. चार तास. बाजूची सुपारी एकेक करून पडताना बघितली. हे हलले, पण उठले न्हायत. तेव्हाच आतनं तुटले असतील. आमच्यामुळं."

मला काहीतरी बोलून हसवायचं होतं. एरवी मला तेवढंच जमतं. मी डोक्यावरचा फेटा काढून बाजूला ठेवला.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "पाळणा मधल्या घरात घे. आत्ताच." मग मला म्हणाले, "आज सण हाय, आज न्हाय. उद्या सकाळी तुम्हीच करा पाव्हणे. परक्याचा हात लागायला नको. पण एकदम पाडायचं न्हाय त्यांना. एकेक फांदी दोराला बांधून उतरवायची."

दुसऱ्या दिवशी मी वर आणि ते खाली दोर धरून. इतक्या वर्षांत इतकं सावकाश झाड मी कधी उतरवलं न्हाय. फांदी खाली आली की ते दोन्ही हातांनी धरायचे, जमिनीवर टेकवायचे, मगच गाठ सोडायचे. चाचा मदतीला आले, त्यांनाही दोर दिला न्हाय. बाराच्या सुमारास बुंधा निघाला, आतनं पिवळा भुसा ओघळला, आणि कौलांवर जे ऊन पडलं ते बघून निशा डोळ्यांवर हात धरून दारात उभी राहिली. व्याह्यांच्या तळव्यांना फोड आले होते. विहीणबाई तूप लावायला आल्या, तर म्हणाले, "राहू दे थोडा वेळ."

जेवणं झाली. व्याह्यांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली, अंगणात आणली आणि रोज दुपारी फणसाच्या सावलीत ठेवतात त्या जागी ठेवली. बसले. भर ऊन डोक्यावर. कपाळावरनं घाम गळायला लागला, पण खुर्ची काय हलवली न्हाय.

मी पडवीतनं बघत होतो. मग आतली दुसरी खुर्ची आणली, त्यांच्याशेजारी टाकली.

"ऊन लागतंय काय हो?" मी विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले.

म्हटलं, "मलाही न्हाय." आणि आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.