माझ्या भावाले घेऊन या

मीनाचा फोन आला तेव्हा मी सिविक सेंटरच्या बाजारात कापडाच्या दुकानात उभा होतो. "मामा, आई गेली," एवढंच बोलली. दुकानदार कैची धरून थांबलेला. "बाबा, काटूँ कि नहीं?" काट म्हटलं. आता ते लाल कापड कशाले पाहिजे होतं... पण सांगितलेलं मागं घ्यायची मले सवय नाही.

शकू माझी धाकटी बहीण. महिना होत आला तिले जाऊन. मी चौथीपर्यंतच शिकलो, तरी हे मीच लिहून राहिलो. नात म्हणाली, "आजोबा, मी लिहून देते." तिले म्हटलं, बहीण माझी होती.

आमचे बाबा भंडाऱ्याकडची शेती सोडून इकडं हिंदी मुलखात लोखंडाच्या कारखान्यात लागले आणि आम्ही कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या शाळेत गेलो. एका वर्षी गॅदरिंगमध्ये एकेका राज्याची जोडी स्टेजवर आणायचं ठरलं. मॅडमनं आम्हाले महाराष्ट्र केलं. "बड़ी नथ चाहिए," म्हणाल्या. आमच्या घरी नथ घालतच कोण होतं? आईनं तांब्याच्या तारेत पोतीचे मणी ओवून ती केली, आपलं लुगडं दुमडून-दुमडून शकूले नेसवलं. बाबांनी आपला लाल फेटा माझ्या डोक्याले बांधला. माझ्या हातात राज्याच्या नावाची पाटी. काही झालं तरी सोडायची नाही, असं मॅडमनं बजावलेलं. पंजाबवाले उतरले, आम्ही चढलो, आणि फेटा घसरून थेट नाकावर आला. सगळा अंधार. पण पाटी मी सोडली नाही. शकूनं मले कोपराले धरून ओढत नेलं. "भाऊ, इकडे... तिकडून पडशीन ना!" लोकं पोट धरून हसले. मी पाटीच गच्च धरून उभा राहिलो, तेव्हा "हम महाराष्ट्र से आए हैं" हे माझं वाक्यही तिनंच ठणकावून म्हटलं. खाली उतरल्यावर मी भडकलो, "माझं तू कावून बोलली?"

"तुले दिसून नव्हतं राहिलं. मले तं दिसून राहिलं होतं."

शेवटच्या वर्षात तिच्या आठवणीतलं सगळं पुसत गेलं. नवरा पुसला, मीनाचं लग्न पुसलं... मनानं ती त्या गॅदरिंगच्या स्टेजपाशी जाऊन बसली. मी रोज मीनाकडे तिले भेटाले जायचो, तर विचारायची, "बुवा, माझा भाऊ दिसला का तुमाले?"

"मीच तुझा भाऊ, शकू."

हसायची. "तुमी तं म्हातारे. त्याच्या डोळ्यावर फेटा आला असन. रस्ता दिसत नसन त्याले. कोणी घेऊन या ना."

मी आईचं नाव सांगायचो, बाबांचं सांगायचो, चिडायचो. मीना म्हणायची, "मामा, आणतो म्हणून टाका ना!" कावून म्हणू? मी समोर बसलेला असताना कोणाले आणू? मीही जन्मभर कारखान्यात तापलेल्या लोखंडापाशी उभा राहिलो, कधी मागं सरलो नाही. तिच्यापुढं माझं काहीच चालेना. शेवटी वाटलं, बाबांसारखा लाल फेटा बांधून जावं. ओळखलं तर ओळखलं. म्हणून त्या दिवशी ते कापड.

परवा मीनाकडे गेलो होतो. पलंग तसाच आहे. शकू त्यावर भिंतीकडं अंग चोरून झोपायची, अलीकडची अर्धी बाजू मोकळी. मी एकदा तिथं टेकलो, तर दंडाले धरून उठवलं होतं, "उठा बुवा, भावाची जागा हाय." मीना चहा घेऊन आली. "मामा, स्टुलावर कशाला? पलंगावर बसा ना, आराम से."

मी स्टुलावरच चहा प्यालो. आता मले उठवणारं कोणी नव्हतं... पण ज्यानं तिथं बसायचं, तो तिच्या लेखी अजून यायचाच आहे.