खांद्यावरचा घट्टा

फौजेत असताना मला वर्षभरासाठी शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत पाठवलं होतं. तळाच्या फाटकावर माझी ड्यूटी. तुकडीत मराठी बोलणारा माझ्याशिवाय निपाणीचा एकच सोबती, तोही दुसऱ्या पाळीत. त्यामुळं दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारा एकटा तिथला केळीवाला. घड खांद्यावर घेऊन रोज सकाळी यायचा आणि मी शिकवलेली हाक लांबूनच मारायचा, "काय अण्णा!"

एके दुपारी बाजारात गोळीबार झाला आणि शे-दोनशे माणसं फाटकाशी धावत आली. बंडखोरांना गणवेश नसायचा. त्यांतले काही बंदुका टाकून गर्दीत शिरलेत, अशी खबर होती. हुकूम आला: बायका-मुलं आत घ्या, पुरुषांचे खांदे बघा. बंदुकीच्या पट्ट्यानं घट्टा पडतो. तो असेल त्याला आत घ्यायचं नाही.

केळीवाला बायको आणि दोन पोरींना घेऊन आला. मी त्याची कॉलर बाजूला सारली. खांद्यावरची कातडी जाड, खरखरीत झालेली. उसाच्या मोळ्या वाहून उचगावात माझ्या वडिलांचा खांदा तसाच झाला होता. हे मला तेव्हाच आठवलं, नंतर नाही. पण मागून माणसं रेटत होती, साहेब बघत होते. बायको-पोरींना आत घेतलं आणि त्याच्या छातीवर हात ठेवला.

"काय अण्णा," तो हळूच म्हणाला. मराठीतलं त्याला तेवढंच येत होतं.

तासाभरात गोळीबार जवळ आला, तशी बाहेरची माणसं पांगली. तो पुन्हा दिसला नाही. त्याची बायको नऊ दिवस तळावर होती. पाण्याच्या रांगेत मी दिसलो की मान खाली घालायची. तो बंडखोरांतला होता का, हे दुभाष्याकरवी विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

आता निवृत्त होऊन बेळगावात, अनगोळला राहतो. बायकोला एकदा सांगितलं. "हुकूमच व्हता न्हवं?" म्हणून ती आत गेली.

गेल्या महिन्यात निपाणीला त्या सोबत्याकडं गेलतो. तळावरचा चिखल, आमचा स्वयंपाकी, त्याला सगळं आठवत होतं.

"आणि केळीवाला, रं?"

"कुठला?" त्यानं बराच विचार केला. "केळी लई खाल्ली आपण, व्हय. आणत कोण व्हतं ते न्हाय ध्यानात."

चहा पिऊन निघालो. बसमध्ये शेजारच्यानं कुठं उतरणार विचारलं. बेळगाव, म्हणालो. उतरताना माझी नजर त्याच्या खांद्याकडं गेली.