रऊफ पेंटरच्या पाट्या आणि माझं 'अनलिमिटेड'

मागच्या मंगळवारी दुपारी रऊफचाचा माझ्या दुकानात आले आणि मोबाईल पुढे धरला. "बेटा, बघ बरं, साइट उघडूनच नाही राहिली." त्यांचं नेट गेलं असेल म्हणून मी माझ्या कॉम्प्युटरवर उघडली. पांढरं फटक पान... आणि मधोमध एकच ओळ, अकाउंट बंद केल्याची.

नांदेडला माझं वेबसाइट करून द्यायचं छोटं दुकान आहे. कोचिंग क्लास, मंगल कार्यालयं, दवाखाने, असली गिऱ्हाइकं. रऊफचाचा त्यातले नाहीत, ते पेंटर. फ्लेक्स यायच्या आधी नांदेड, अर्धापूर, भोकर, उमरी या पट्ट्यात कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मराठी, उर्दू, इंग्लिश तिन्ही अक्षरं एका पाटीवर अशी बसवायचे की माणूस सामान घ्यायचं विसरून वर बघत राहायचा.

पाट्या उतरायला लागल्या तेव्हा त्यांच्या लेकीनं, शबानानं, त्यांना स्कूटीवर मागे बसवलं. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी बापलेक गावोगाव हिंडले आणि जी पाटी दिसेल तिचा फोटो काढला. हजारावर फोटो... सगळे चाचांच्या मोबाईलमध्ये. मग शबाना लग्न होऊन लातूरला गेली आणि चाचा ते फोटो घेऊन माझ्याकडे आले.

साइट मी मन लावून केली, खोटं कशाला बोलू. गावाप्रमाणे पाट्या लावल्या, प्रत्येकीखाली चाचांच्या आठवणीच्या दोन ओळी टाकल्या. पण त्यांचा मोबाईल इतका गच्च भरला होता की फोनसुद्धा धड लागत नव्हता. मी म्हणालो, आता हे कशाला ठेवता, सगळं साइटवर गेलंय, प्लॅन अनलिमिटेड आहे.

चाचांनी दोनदा विचारलं, "पक्कं ना?" मी "हाव, पक्कं" म्हणालो. फोटो मोबाईलवरूनच थेट साइटवर चढवले होते, माझ्याकडेही दुसरी कॉपी नव्हती. तरी सगळे सिलेक्ट केले, डिलीट मारलं, वर डिलीट केलेलं जिथं पडून राहतं तो कचऱ्याचा डबाही रिकामा करून दिला. फार हुशारी केली!

आता ते अनलिमिटेड काय असतं ते ऐका. जागा अनलिमिटेड, पण फाइली किती ठेवायच्या याला मर्यादा. आपण एक फोटो टाकला की साइट आपोआप त्याच्या सहा-सात लहानमोठ्या कॉप्या करते, म्हणजे आकडा कुठल्या कुठे जातो. तो मर्यादेच्या वर गेला की होस्टिंग कंपनी, म्हणजे साइट जिच्या सर्व्हरवर ठेवलेली असते ती, बॅकअप घेणं बंद करते, मग नोटीस देते, मग अकाउंट बंद, आणि मुदत संपली की सगळं पुसून टाकते.

नोटिसा आल्या होत्या... तीन. आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचाच मेल टाका ना भैया," आणि आम्ही टाकतो. चाळीस साइटींचे मेल माझ्या एकाच पत्त्यावर, त्यात रोज ऑफरचा भडिमार. वैतागून मी होस्टिंगवाल्यांचं सगळं एका वेगळ्या फोल्डरला वळवलं होतं आणि तो फोल्डर कधी उघडलाच नाही.

चाचांनाही आधी कळलं नाही, कारण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर मोबाईल बघायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नजर साफ झाल्यावर त्यांनी पहिलं काय उघडलं असेल, तर ही साइट.

दोन दिवस मी कंपनीच्या चॅटवर भांडलो, शेवटी हातापाया पडलो. त्यांनी शांतपणे कळवलं, मुदत संपली, सगळं पुसलंय; वर नियम पाठवला, ही सेवा फोटोंचा साठा करायला नाही. आणि सोबत, मी न वाचता 'मान्य आहे'वर टिक केली ती तारीख.

शनिवारी अर्धापूरला जाऊन आलो. म्हटलं, पाच-पन्नास पाट्या अजून असतील, परत फोटो काढू. सगळीकडे फ्लेक्स... दोन सापडल्या, त्यातली एक अर्धी पुसलेली.

रविवारी धीर करून चाचांच्या घरी गेलो. शबाना लातूरहून आली होती. साइट कायमची गेली हे मी सांगितलं. ती म्हणाली, "मोबाईलमध्ये आहेत ना पण?"

मी तोंड उघडायच्या आत चाचा बोलले. "मेरेच हात से उड़ गए बेटी. दिखताच नै था." शबाना त्यांच्यावर इतकी संतापली... दोन वर्षांची मेहनत, ऊन, धूळ, सगळं काढलं. चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. ती रडत आत गेली. आणि मी, लाज वाटते सांगायला, मी चहा पीत बसलो.

निघताना दारात मी चाचांना म्हणालो, असं का केलंत? तर म्हणाले, "जाऊ दे बेटा. ती बापावर चार दिवस रुसंल, मग बोलंल. तुझं दुकान हाय, तुझ्यावरचा भरोसा गेला की गेला."

चाचा, इतका मोठेपणा माझ्याच्यानं पेलवत नाही.

शबाना, तू माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेस म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. तुझ्या अब्बांच्या हातून एकही फोटो गेला नाही... ते सगळे मी डिलीट केले. मला काय बोलायचं ते बोल, पण आधी त्यांना फोन कर.