निळ्या कापडातला गणपती

गरम ग्रीसचा वास आला की रोह्याच्या रस्त्यावरची ती दुपार आठवते. पेणहून ट्रकमध्ये चाळीसेक गणपती भरले होते, सगळ्यांची तोंडं कापडानं झाकलेली. पुढच्या चाकातलं ग्रीस अडवणारं सील आठवडाभर गळत होतं आणि मी रोज फडक्यानं पुसून गाडी हाकत होतो. त्या दिवशी ग्रीस ब्रेकवर उतरलं, गाडी एका बाजूला ओढायला लागली, तेव्हा कुठे थांबलो. फोन करून बोलावलेल्या मेकॅनिकनं चाक खोललं, "पुसून गळती थांबते का रे?" म्हणून झापलं आणि नवीन सील आणायला तो मोटारसायकलवर पेणला गेला. मी एकटाच बसलो होतो. वाडीवरची एक बाई गवताचा भारा घेऊन आली. "देवाचं तोंड दाखव की जरा." मी म्हटलं, "नाय गो बाय, घरी पाटावर बसवल्याशिवाय कापड काढत नाय." "मग तुझ्या घरचा कुठला हाय यात?" मी पटकन सांगितलं, "तो मागचा, निळ्या कापडातला." ती त्याला हात जोडून गेली. संध्याकाळी रोह्यात तोही ज्याचा होता त्याच्या हातात दिला. यंदा पेणला एक मूर्ती पसंत केली होती, पण तिथेच ठेवून आलो. आरतीला टाळ धरायला घरात दुसरं माणूस नाही.